मुक्तद्वार गाणे

पंजाबातील जालंधर शहरात देवी तालाब नावाचे एक जुने शक्तिस्थान आहे. देवीचे मंदिर, तळे आणि भोवती आवार. डिसेंबरच्या अखेरीस त्या मुलखात थंडी हाडात शिरते आणि धुक्यात चार पावलांवरचा माणूस ओळखू येत नाही. नेमक्या त्याच दिवसांत या आवारात मांडव पडतो आणि रागदारी गाण्या-वाजवण्याचा मेळा भरतो. कागदोपत्री त्याचे नाव हरिवल्लभ संगीत संमेलन. लोकांच्या तोंडी हरिवल्लभचा मेळा. १८७५ पासून तो चालत आला आहे. देशातले नामांकित गवई, सतारिये, तबलजी तेथे हजेरी लावून गेले आहेत. आणि ऐकणाऱ्याला तिकीट नाही.

वाचकहो, आपल्या मासिकात गवयांच्या मेळ्याचे काय काम, असे तुमच्या मनात येईल. या मेळ्याचे मूळ पाहिले की तसे वाटणार नाही. स्वामी तुळजागिरी नावाचे एक साधू तेथे राहत. ते गात. हरिवल्लभ हे त्यांचे शिष्य, तेही गात. गुरू देह ठेवून गेले, तेव्हा शिष्याने त्यांच्या पुण्यतिथीला साधूंना आणि गाणाऱ्यांना बोलावले आणि गाऊन सेवा केली. पुढच्या वर्षी पुन्हा केली. १८८५ मध्ये हरिवल्लभही गेले. त्यांच्यामागे पंडित तोलोराम यांनी तो नेम कित्येक वर्षे सांभाळला. आता सांगा, ही गोष्ट आपल्याला परकी आहे का? सद्गुरूंची पुण्यतिथी, गावाबाहेरचे देवस्थान, मांडव, जो येईल त्याला बसायला जागा. आपल्याकडे याला सप्ताह म्हणतात.

म्हणून त्या मेळ्याकडे वारकऱ्याच्या नजरेने पाहण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात कौतुक आहे, थोडी तक्रारही आहे, आणि तक्रारीतला मोठा वाटा शेवटी आपल्याच पदरात पडतो.

प्रथम ‘फुकट’ या शब्दाचा निकाल लावू. शहरातल्या मैदानात किंवा बागेत दिवाळीच्या पहाटे गाण्याचा कार्यक्रम असला की लोक म्हणतात, ‘फुकट आहे, चला.’ काल्याच्या दिवशी गावजेवण असते, तेव्हा मात्र ‘फुकट जेवण’ असे कोणी म्हणत नाही. म्हणतात ‘मुक्तद्वार अन्नदान’. पैसे दोन्हीकडे लागत नाहीत, मग शब्द दोन का? फुकट म्हणजे ज्याचे मोल कोणी मागितले नाही ते. मुक्तद्वार म्हणजे दार कोणासाठीही लावलेले नाही ते. पहिल्यात ऐकणारा गिऱ्हाईकच राहतो, फक्त त्या दिवशी त्याचे पैसे वाचतात. दुसऱ्यात तो पंगतीला बसलेला असतो, आणि पंगतीला बसणाऱ्याला काही रीत पाळावी लागते. पान टाकायचे नाही. शेजाऱ्याचे जेवण झाल्याशिवाय उठायचे नाही. हरिवल्लभचा मेळा जन्माने मुक्तद्वार आहे. तो तसा किती उरला, एवढाच खरा प्रश्न.

पंजाबच्या मातीत असा मेळा रुजला याचे नवल वाटू नये. तेथे गुरुद्वारात कीर्तन आणि लंगर ही जोडी शतकानुशतके चालत आली आहे. गाणेही मुक्तद्वार, भाकरीही मुक्तद्वार. त्या कीर्तनात आपले नामदेवराय आहेत. त्यांची ६१ पदे श्रीगुरुग्रंथसाहिबात आहेत, आणि ग्रंथाच्या रचनेप्रमाणे ती रागवार लावलेली आहेत. आपण नामदेवांचे अभंग चालीत म्हणतो. पंजाबी माणूस नामदेवांचे पद रागात म्हणतो. संत एक, गाण्याची वाट वेगळी. घुमानला नामदेवांचे स्थान आहे हे आता आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. २०१५ मध्ये तेथे मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षपदी तुकोबारायांच्या वंशातले सदानंद मोरे होते. जालंधर त्याच पंजाबात. घुमानला जाणारे आपले लोक त्या शहराची पाटी वाचून पुढे निघून जातात.

जालंधरच्या मेळ्यात मराठी माणसे मात्र पूर्वीपासून आहेत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १८९६ मध्ये मिरज सोडले आणि उत्तरेची वाट धरली. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि हरिवल्लभच्या मेळ्याशी त्यांचा संबंध तेव्हापासूनचा. त्यांच्याविषयीची एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काठेवाडात असताना त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणे केले होते. आज आपल्याला तिकीट म्हणजे दाराचा अडसर वाटतो. त्या काळी ते उलट होते. गाणे राजाच्या दरबारात होई, नाहीतर धनिकाच्या बैठकीत, आणि तेथे आमंत्रणावाचून कोणाला पाऊल टाकता येत नसे. चार आणे देणाऱ्या कारकुनालाही गवयासमोर मानाने बसता यावे ही सोय तिकिटाने केली, आणि गवयाला धन्याच्या लहरीतून सोडवले तेही तिकिटानेच. तेव्हा तिकीट पापी आणि मोफत पुण्यवान अशी सोपी वाटणी कोणी करू नये. तिकीट लावणारे पलुस्कर हरिवल्लभच्या देवस्थानात बिनतिकीट गात होते. जागा ओळखून वागले, इतकेच.

मोफत गोष्टीचा खर्च कुठे जातो हेही त्यांनी सोसून पाहिले. शिष्यांना घरात ठेवून, खाऊपिऊ घालून शिकवता शिकवता मुंबईच्या महाविद्यालयावर कर्ज झाले आणि इमारतीचा लिलाव झाला. पुढे ते नाशिकला रामनामाच्या आश्रयाला येऊन राहिले. ज्ञान मुक्तद्वार ठेवायचे तर कोणीतरी असे रिकामे व्हावे लागते. आजच्या मेळ्यातही मांडव, ध्वनिव्यवस्था, कलावंतांचा प्रवास, त्यांचे मानधन हे सगळे कोणीतरी भरतेच. देणगीदार भरतात, जाहिरातदार भरतात, सरकार भरते. गवयाने मानधन घेऊ नये असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कीर्तन विकू नये ही तुकोबारायांची आज्ञा कीर्तनकाराला आहे. वीस-वीस वर्षे गळा घासून ज्याने विद्या मिळवली, आणि ज्याचे पोट संस्थाने गेल्यापासून लोकांवरच आहे, त्याला ती लावणे म्हणजे आपला नियम दुसऱ्याच्या खांद्यावर देणे होय.

मग ऐकणाऱ्याने काय द्यायचे? माझ्या मते या मेळ्याचे सारे मोल या एका प्रश्नात आहे.

जालंधरने याचे उत्तर दीडशे वर्षे दिले आहे: तेथला श्रोता आपले कान देतो. एका रागाचा विस्तार पाऊण तास, तास चालतो. त्यात गोष्ट नाही, दृष्टांत नाही, विनोद नाही. विलंबित ख्यालात शब्द दोन ओळींचे, तेही ओढून पसरलेले. समेवर गवई येतो तेव्हा ऐकणाऱ्याची मान आपोआप हलली तर त्याने लक्ष दिले होते असे समजायचे. हे लक्ष एका दिवसात येत नाही. बापाच्या मांडीवर घोंगडीत गुरफटून झोपणारे पोर मोठेपणी जाणता श्रोता होते, कारण झोपेतही त्याच्या कानात सूर पडलेले असतात. तिकिटाच्या सभागृहात असे पोर कोणी आणत नाही. तेथे खुर्चीमागे पैसे मोजावे लागतात. मुक्तद्वार मेळ्याचा हा सर्वांत मोठा उपकार आहे, आणि त्याची नोंद कोणाच्या अहवालात होत नाही.

या कानांपुढे मराठी गवयांनी नाव मिळवले. भास्करबुवा बखल्यांचे गाणे पंजाबने डोक्यावर घेतले. पलुस्करांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, म्हणजे बापूराव, चौदा वर्षांचे असताना १९३५ मध्ये पहिल्यांदा याच मेळ्यात गायले. आणि फाळणीआधी शामचौरासी घराण्याचे नजाकत अली आणि सलामत अली हे बंधू कोवळ्या वयात येथे बसले होते. देवीच्या आवारात, साधूच्या पुण्यतिथीला, मुसलमान पोरे गात आणि सगळे शहर ऐकत असे. १९४७ नंतर ती घराणी सीमेपलीकडे गेली. मेळा टिकला, त्याचा एक गळा मात्र गेला. जालंधरचे सगळे कौतुक वाचताना ही गोष्ट कोणी मोठ्याने सांगत नाही, सांगायला हवी.

भीमसेन जोशींची कथा तर तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. गदगचा अकरा वर्षांचा मुलगा गुरूच्या शोधात घरातून पळाला, रेल्वेतून गात, उपाशीतापाशी हिंडत उत्तरेत गेला आणि अखेर जालंधरला पोचला. तेथे मंगतराम या अंध धृपदियांकडे शिकू लागला. हरिवल्लभच्या मेळ्यात विनायकराव पटवर्धन आले होते. पलुस्करांचेच शिष्य. त्यांनी त्याला सांगितले की तू ज्याला शोधतोस तो तुझ्या घराजवळ आहे. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे जा. मुलगा परतला. पुढे याच माणसाने संतवाणी गाऊन आपले अभंग घराघरांत पोचवले. या कथेत मला मेळ्याचे मुक्तद्वार दिसते. खिशात दमडी नसलेले, भाषा न येणारे, नाव-गाव नसलेले पोर मोठ्या गवयाच्या इतके जवळ जाऊ शकले की त्याने त्याची चौकशी केली. आजच्या संमेलनात, मग ते जालंधरचे असो की आपल्याकडचे, तसे पोर रंगमंचामागे पोचेल का? स्वयंसेवक त्याला कुठे अडवील?

आता तक्रारीकडे येतो.

उघड्यावरचे गाणे ही मुळात अवघड गोष्ट. दगडी भिंतीच्या दिवाणखान्यात आवाज फिरून गवयाकडे परत येतो, तंबोऱ्याची आस भरून राहते. मैदानात आवाज जातो तो जातोच. म्हणून भोंगा आला. भोंग्याबरोबर गवयाला स्वतःचा आवाज स्वतःच्या कानाने ऐकू येईना, म्हणून त्याच्यासमोर दुसरा भोंगा आला. आता गवई आणि श्रोता यांच्यामध्ये यंत्रावर बसलेला एक माणूस असतो आणि त्याच्या बोटावर तंबोरा लहान-मोठा होतो. बहुतेक वेळा तबला वर आणि तंबोरा खाली. ज्या सुरात सगळे बसायचे तोच ऐकू येत नाही! शिवाय रात्री दहानंतर भोंगा बंद करण्याचा नियम २००० सालापासून आहे. नियम चांगला आहे, आजारी माणसाला झोप लागली पाहिजे. पण त्यामुळे देशभरात रात्रभर चालणाऱ्या मैफली आखडल्या, आणि ललत, भटियार यांसारखे पहाटेचे राग जाहीर मैफलीत पहाटे ऐकणे दुर्मिळ झाले.

येथे वारकऱ्याला एक गोष्ट लक्षात येते. उघड्यावर गाण्याचा प्रश्न आपल्या पूर्वजांनी कधीच सोडवून ठेवला आहे. रिंगणाच्या माळावर भिंत नाही, छप्पर नाही. मग काय केले? टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या केल्या, मध्ये विणेकरी, मृदंग. माणसांचीच भिंत झाली. एका रांगेने म्हटलेले दुसरी उचलते, आवाज रांगांमधून फिरत राहतो. चाल अशी बांधली की शेवटच्या टाळकऱ्यालाही, अगदी यंदा पहिल्यांदा वारीला आलेल्यालाही, दुसऱ्या आवर्तनाला ती धरता यावी. हा जागर एकादशीला रात्रभर चालतो, आणि त्याला विजेची तार लागत नाही. ऐकणाऱ्याला गाणारा केले, की उघडे माळरानही पुरते.

रागदारीला हे जमणार नाही, आणि जमवू नये. तेथे एकाने गायचे आणि हजारांनी त्याच्या मागे मनाने जायचे. जो गळा दोन तास यमनात भटकून एकदाही वाट चुकत नाही, त्याच्याबरोबर आपण तोंडाने जाऊ शकत नाही. आपल्याकडे ध्रुपद म्हणजे अभंगातली फिरून फिरून सगळ्यांनी म्हणायची ओळ; त्यांच्याकडे धृपद म्हणजे एकट्याने वर्षानुवर्षे साधायची गायकी. एकाच शब्दाचे हे दोन संसार. एक वरचा आणि एक खालचा असे मी मानत नाही. मात्र ‘संगीत म्हणजेच भक्ती’ असे हार घालताना सर्रास बोलले जाते, ते मला मान्य नाही. बागेश्री ऐकून डोळ्यांत पाणी आले म्हणजे नामस्मरण घडले असे होत नाही. गाणे मोठे आहे, त्याला मोठे म्हणायला भक्तीचे उसने वस्त्र कशाला?

दुसरी तक्रार बसण्याच्या जागेची. कोणत्याही शहरातील मोफत मैफलीला जाऊन पाहा. पुढे सोफे. सोफ्यांवर कागद चिकटवलेले: प्रमुख पाहुणे, प्रायोजक, सन्माननीय. अर्धे सोफे पहिला तासभर रिकामे. त्यांच्यामागे खुर्च्या, त्यामागे सतरंजी, आणि सतरंजीच्या मागे कुंपणाला टेकून उभे राहिलेले लोक, ज्यांच्यासाठी म्हणे हा कार्यक्रम मोफत ठेवलेला असतो. मध्येच पाहुणे येतात. गवई आलापात असतो, आणि सोफ्याकडे हार निघतो. मग निवेदक प्रायोजकांची यादी वाचतो. तिकीट रद्द केले तेव्हा दाराशी घ्यायचे पैसे रद्द झाले. मानाची किंमत कायम राहिली, फक्त ती दुसऱ्या कोणी आधीच भरली. ज्याने भरली तो पुढे बसतो. मला तर वाटते, याहून तिकीट बरे. पन्नास रुपये देणाऱ्याला निदान ‘आधी गाणे होऊ द्या’ असे ओरडता येते.

पुण्यतिथीच्या मेळ्यात सोफा कोणासाठी असावा? गुरूसाठी. आणि त्यांची तर पुण्यतिथी आहे.

हे वाचून तुम्ही मान डोलावली असेल, तर आता आपल्या मांडवात या. गेल्या काही वर्षांत आपल्या सप्ताहांत काय शिरले आहे? कीर्तनकारांची तारीख ठरताना बिदागीचा आकडा फोनवर आधी ठरतो. पहिल्या रांगेत सोफे आले. कीर्तन रंगात असताना नेतेमंडळी येतात, कीर्तनकार निरूपण थांबवतात आणि नारळ-शाल होते. हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. कमी बोलले जाते ते दुसऱ्याच गोष्टीवर. गायनाचार्यांच्या पुढे दोन माइक असतात. चाल लागते, आणि चाल म्हणता म्हणता त्यात आलाप येतो, सरगम येते, तान येते. लोक टाळ्या वाजवतात. मागे चाळीस टाळकरी टाळ हातात घेऊन उभे असतात, ती चाल त्यांना धरता येत नाही, आणि धरली तरी भोंग्यापुढे ऐकू जात नाही. त्यांचे तोंड मिटते. हळूहळू टाळकरी श्रोता होतो, श्रोता प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षक मोबाइल वर करतो.

कीर्तनाची अशी मैफल झाली, तर आपल्या हाती काय राहिले? जालंधरच्या श्रोत्याचे घडलेले कान आपल्याकडे नाहीत. तास तास एक राग ऐकण्याची शिस्त आपण कमावलेली नाही, आपल्याला तिची गरजही नव्हती. आपल्याजवळ तोंड होते. तेही मिटले तर आपला मांडव खरोखर फुकट होतो. मोल नाही म्हणून फुकट, आणि दुसऱ्या अर्थानेही. तरुण गायनाचार्यांना माझा विरोध नाही. रियाज करणारी ती मुले आहेत, त्यांनी जरूर शिकावे, आळंदीला आणि बाहेरही शिकावे. माझी विनंती एवढीच की तान घ्यायची तर ध्रुपद परत सभेच्या हाती देता येईल अशी घ्यावी, आणि माइक दोन असतील तर एक टाळकऱ्यांच्या बाजूला फिरवावा. ध्वनिव्यवस्थेवाल्याला हे सांगायला पाच मिनिटे लागतात.

भीमसेनांच्या संतवाणीबद्दलही या अनुषंगाने बोलून टाकतो. काही जुने वारकरी नाराजीने म्हणत, की त्यांनी अभंगात गवयी फिरत घातली. घातली, हे खरे. पण ते कीर्तनाच्या गादीवर उभे राहून गात नव्हते. ते मैफलीत बसून गात होते, जो माणूस कधी मांडवात येणार नाही त्याच्यासाठी. त्यांची बैठक त्यांना ठाऊक होती. अडचण त्यांच्या गाण्याने झाली नाही. त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकून तीच फिरत आपण नारदाच्या गादीपुढे उतरवू लागलो, तेव्हा झाली.

हरिवल्लभच्या मेळ्यात आज ऐकणारे कमी झाले, की तरुण वाढले, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक भेटतात. मेळ्याच्या वतीने मुलांच्या गाण्या-वाजवण्याच्या स्पर्धा होतात, हे चांगले आहे. स्पर्धेने गाणारे तयार होतात. ऐकणारे तयार व्हायला मात्र घोंगडी लागते आणि बापाची मांडी.

घुमानला निघालात आणि दिवस डिसेंबरअखेरचे असले, तर एक रात्र जालंधरला काढा. स्टेशनवरून देवी तालाब कोणीही सांगेल. आधी देवीचे दर्शन घ्या. अंगावर जाड घोंगडी असू द्या, आणि टाळ पिशवीतच राहू द्या. तेथे ते वाजवायचे नसतात. मागच्या बाजूला बसा. पहिला अर्धा तास काही कळणार नाही. उठू नका.